साडेसात किलो मूग

गुडघे कुरकुरू लागले म्हणून वयाच्या ४९ व्या वर्षी डॉक्टरांनी मला रोज सकाळी चालायला सांगितले. डोंबिवलीत माझ्या चालण्याच्या वाटेवरच एका सभागृहात विंग चुन कुंग फूचा वर्ग भरत असे. ही विद्या एका बाईने दुसऱ्या बाईला शिकवली, असे दाराशी लावलेल्या फलकावर वाचले आणि चपला काढून मी आत शिरले. इंग मुई नावाच्या भिक्षुणीने यिम विंग चुन नावाच्या मुलीला ही शैली शिकवली आणि त्या मुलीने आपल्याशी बळजबरीने लग्न करू पाहणाऱ्या गुंडाला लोळवले, अशी ती आख्यायिका आहे. मला कोणालाही लोळवायचे नव्हते. तरीही एकीने दुसरीला दिलेली आणि जिच्यात भाजी-आमटीचा उल्लेखही नाही अशी विद्या मी प्रथमच पाहत होते.

वर्गातली नाती समजायला मला आठवडा लागला. शिकवणाऱ्याला ‘सिफू’ म्हणायचे आणि त्या शब्दात गुरू व पिता असे दोन्ही अर्थ असतात. म्हणजे मला ‘काकू’ म्हणणारा तो सत्तावीस वर्षांचा मुलगा शास्त्राप्रमाणे माझा पिता होता. आधी वर्गात आला तो ‘सिहिंग’, म्हणजे थोरला भाऊ. हा हिशेब वयावर नव्हे, प्रवेशाच्या तारखेवर चालत असल्याने नववीतला एक मुलगा माझा थोरला भाऊ झाला. त्याच मुलाला मी शाळेत मराठी शिकवते आणि त्याच्या ऱ्हस्व-दीर्घाबद्दल इथे न बोललेले बरे.

तीन महिने हवेत ठोसे मारून झाल्यावर सिफू म्हणाले, “काकू, आता घरी वॉल बॅग लावा. हवा काय, कशीही मारली तरी हो म्हणते.”

वॉल बॅग म्हणजे जाड कॅनव्हासची, एकाखाली एक तीन चौकोनी कप्पे शिवलेली आणि कोपऱ्यांत पितळी कड्या ठोकलेली पिशवी. वरचा कप्पा प्रतिस्पर्ध्याचा चेहरा, मधला छाती आणि खालचा पोट समजायचे. मुष्टियुद्धातली बॅग छताला टांगलेली असते, तिला मोकळी जागा लागते आणि ती झुलते. ही मात्र भिंतीला सपाट चिकटून राहते. ब्रूस लीचे गुरू इप मान चीनमधले फोशान शहर सोडून हाँगकाँगला आले आणि १९५० च्या दशकात त्या दाटीवाटीच्या शहरात त्यांनी हीच शैली शिकवली. कोपर बरगड्यांजवळ ठेवून सरळ रेषेत मारायचा ठोसा आणि भिंतीलगतची पिशवी या दोन्ही गोष्टी साडेपाचशे चौरस फुटांच्या सदनिकेसाठीच घडवल्यासारख्या मला वाटल्या.

पिशवी येते ती रिकामी. आत काय भरायचे हे साधकाच्या तयारीवर ठरते. काही गुरू शेवटी लोखंडी छऱ्यांपर्यंत नेतात, त्याच्या अलीकडे वाळू किंवा बारीक खडी असते, आणि नवशिक्यासाठी मूग. चीनमध्ये मूग भरतात हे ऐकून मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. तीन कप्प्यांना मिळून साडेसात किलो मूग लागले. मी ते ओतत असताना सासूबाई दारात उभ्या राहून प्रत्येक ओंजळ मोजत होत्या. “निवडलेस तरी का?” एवढेच त्यांनी विचारले, आणि भिंतीवर मारायचे मूग निवडायचे असतात की नाही, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. चोवीस वर्षांच्या संसारात मूग गिळून बसण्याचा सराव मला भरपूर झाला होता. मुगाला मारण्याची संधी मात्र पहिलीच होती.

पिशवी कोणत्या भिंतीला लावायची, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, दोन खोल्यांमधली भिंत चार इंची असल्याने नवऱ्याचा तिच्यावर विश्वास नव्हता, आणि आमच्या दोघांच्या मधली भिंत या विषयाशी संबंधित नव्हती. उरली ती शेजारच्या मावशींच्या स्वयंपाकघराला लागून असलेली नऊ इंची भिंत. ड्रिल घेऊन आलेल्या माणसाने आल्या आल्या “टीव्ही किती इंची?” असे विचारले. पिशवी पाहिल्यावर त्याने आणखी काही विचारले नाही. चार स्क्रू पिळले, पैसे घेतले आणि जाताना नवऱ्याकडे सहानुभूतीने पाहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच वाजता मी पिशवीसमोर उभी राहिले. उभे राहण्याचीही रीत आहे: चवडे आत, टाचा बाहेर, गुडघे किंचित वाकवून एकमेकांकडे वळवलेले, जणू दोन्हींच्या मध्ये एक बकरी धरून ठेवली आहे. त्या पवित्र्याच्या नावातच ती बकरी आहे. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितले होते, बकरी सांभाळायला नव्हे, हे मला आठवले. पण मी मूठ उभी धरली, अंगठा वर, आणि खालची तीन बोटपेरे पिशवीला लागतील अशा बेताने पहिला ठोसा मारला.

मूग करकरले. पिशवी हलली नाही, भिंतही हलली नाही. हलले ते सगळे माझ्या बाजूचे. मनगट मुडपले, कोपर बाहेर फाकले, खांदा कानाला जाऊन टेकला, टाचा उचलल्या गेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला, आणि भानावर आले तेव्हा मी मूळच्या जागेपासून वीतभर मागे उभी होते. बकरी कधीच पळाली होती.

टांगलेली बॅग स्वभावाने मुखस्तुती करणारी असते. तिला ढकलले तरी ती झुलते आणि मारणाऱ्याला पराक्रम केल्यासारखे वाटते. भिंतीवरची पिशवी असे काही करत नाही. दिलेला जोर ती जसाच्या तसा परत करते आणि तो कोपरातून, कमरेतून, टाचांवाटे जमिनीत गेला पाहिजे, असे सिफूंचे सांगणे असे. माझ्या अंगात मात्र तो लाल एस.टी.सारखा प्रत्येक थांब्यावर उतरत जाई, आणि कोणत्या थांब्यावर किती वेळ थांबला हे दुपारी फळ्यावर लिहिताना कळे. वर्गात मी खडू डाव्या हातात घेतला, तेव्हा माझा थोरला भाऊ शेवटच्या बाकावरून अत्यंत समजूतदारपणे हसला. “काकू, जोरात मारू नका, सरळ मारा,” असे सिफू दर वेळी सांगत. करंगळीच्या रेषेतले हाड वाकड्या ठोशाने मोडते, हे त्यांनी इतक्या प्रेमाने समजावले की त्या रात्री मी ती करंगळी उशीवर वेगळी ठेवून झोपले.

सुजलेल्या बोटांसाठी त्यांनी ‘दित दा जाऊ’ नावाच्या औषधाची बाटली दिली. ‘जाऊ’ म्हणजे मद्य. जडीबुटी मद्यात मुरवून केलेला तो मुक्या मारावरचा अर्क असतो. बाटलीच्या वासाने सासूबाईंची मुद्रा प्रथम कठोर झाली, पण आतल्या पदार्थांची नावे मी वाचून दाखवताच ती पालटली. “हिराबोळ? अगं, हा तर बाळंतिणीला देतात!” त्या क्षणापासून कुंग फू ही विद्या त्यांच्या अखत्यारीत आली. चिनी बाटली कपाटात गेली आणि सकाळ-संध्याकाळ माझ्या बोटांवर हिराबोळ, आंबेहळद व तुरटीचा गरम लेप बसू लागला.

चौथ्या आठवड्यात शेजारच्या मावशी नायलॉनच्या पिशवीत काहीतरी घेऊन आल्या. “रोज पहाटे खलबत्त्याचा आवाज येतो गं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “या वयात दाण्याचं कूट हाताने कशाला कुटतेस? माझा जुना मिक्सर नुसता पडून आहे.” खरे सांगायला माझे तोंड उघडले होते, परंतु झाकली मूठ सव्वा लाखाची असते, आणि इमारतीत ती उघडली की तिची किंमत किती उरेल याचा अंदाज मला होता. मी मिक्सर घेतला.

जुलैत मूग संपले. म्हणजे कप्प्यांत ते होतेच, पण ठोशांनी फुटून त्यांचे पीठ झाले होते, ते शिवणीतून झिरपून फरशीवर पडत होते, आणि जे दाणे माझ्या हातून वाचले त्यांना भुंगा लागला होता. सासूबाईंनी सगळे चाळून पाहिले आणि धिरड्यांचा विचार केवळ भुंग्यामुळे सोडून दिला. धुतलेली पिशवी पावसात वाळायला पंधरा दिवस लागले. जिन्यात भेटल्या की मावशी “चांगला चालतोय ना मिक्सर?” असे विचारत आणि मी “छान चालतोय” म्हणत असे.

मग सिफूंच्या संमतीने मी वाळू भरली. वाळू करकरत नाही, ती नुसती धप्प असा एक जड, खोल आवाज करते, आणि तो नऊ इंचांतून कसा पलीकडे जातो हे तिसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला दाराची घंटा वाजली तेव्हा मला कळले.

“बिघडला ना?” मावशी म्हणाल्या. मग त्यांची नजर माझ्या बोटांवर गेली. उजव्या हाताची तीन पेरे सोललेली होती आणि उरलेली आंबेहळदीने पिवळी झाली होती. “आणि या हातांनी कुटायला लावतात तुला?”

तेवढ्यात सासूबाई लेपाची गरम वाटी घेऊन आतून आल्या. मावशींनी त्यांच्याकडे असे काही पाहिले, की आयुष्यात कोणालाही न घाबरलेल्या सासूबाई वाटी पदराआड धरत म्हणाल्या, “मी नको म्हणत होते हो, हिलाच हौस.”