चाकं सुरक्षित, मालकीण रस्त्यावर

नवी गाडी घेताय? अभिनंदन. अ‍ॅक्सेसरीजच्या यादीत लॉक नट नावाचा प्रकार असेल, तो अजिबात सोडू नका. सकाळी उठून बघावं तर चारही अलॉय चाकं गायब आणि गाडी विटांवर, असे फोटो सेल्समन दाखवेलच. घाबरा आणि पैसे भरा. दर चाकाला एक, असे चार नट मिळतात. बाकीचे नट षटकोनी, कुठल्याही पान्याने निघणारे. हा मात्र बाहेरून गोल, गुळगुळीत आणि तोंडावर वेड्यावाकड्या खाचांची नक्षी. त्या नक्षीत बसणारी, मुठीत मावेल एवढी एक लोखंडी गोटी, म्हणजे सॉकेट, सोबत येते, तीच चावी. एका अंगाला नक्षी, दुसऱ्या अंगाला पाना लावायला षटकोनी डोकं. ती जवळ आहे तोवर चोराला तुमची चाकं काढता येत नाहीत. ती हरवली की तुम्हालाही काढता येत नाहीत. यापेक्षा पक्का बंदोबस्त कुठला?

हा बंदोबस्त कसा साधावा याचं मार्गदर्शन करायला मी बसले आहे. अनुभव ताजा आहे, नखांतलं ग्रीस अजून पुरतं गेलेलं नाही.

सुरुवात अगदी सोपी. गाडी सर्व्हिसिंगला द्या आणि टायर रोटेशन, म्हणजे चाकांची आपसांत अदलाबदल, करायला सांगा. पुढचं सगळं वर्कशॉप बघून घेतं. चावी तुमच्या डिकीतून निघते, चारही चाकांना लागते आणि मग एखाद्या ट्रॉलीच्या खणात, कुणाच्या तरी खिशात किंवा तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीत राहायला जाते. तुम्हाला गाडी धुऊन-पुसून, डॅशबोर्डला पॉलिश मारून मिळते. त्या पॉलिशकडे कौतुकाने बघा. डिकी उघडू नका.

जॉब कार्ड तर मुळीच वाचू नका. त्यात जॅक, टूलकिट, स्टेपनी, मॅट, सगळ्यांवर टिक असते. लॉक नटच्या चावीला रकानाच नसतो. सही करा.

आता पंक्चर. साधं पंक्चर काही कामाचं नाही. ट्यूबलेस टायरमधला खिळा उपटून, चाक न काढताच, पंक्चरवाला पाच मिनिटांत पट्टी भरून देतो आणि सगळी मजा जाते. टायर कडेला फाटायला हवा. त्यासाठी पाण्याने भरलेला, धारदार काठाचा खड्डा लागतो. ती सोय सरकारने आपल्यासाठी करून ठेवली आहे. सिंहस्थाआधी सगळं चकाचक होणार आहे, म्हणून तर आत्ता सगळं खणून ठेवलंय, नाही का. जागाही नीट निवडा. नाशिकच्या कॉलेज रोडला फाटून उपयोग नाही, तिथे मदतीला माणसं येतात, चहासुद्धा मिळतो. मुंबईहून येताना कसारा चढून, इगतपुरी-घोटी मागे टाकून, नाशिक आलंच आता असं घरी फोनवर सांगून झालं की विल्होळीच्या अलीकडे फाटावा. पाऊस असावा. अंधार पडत असावा.

घोटीला घेतलेल्या इंद्रायणीच्या कट्ट्यासकट डिकीतलं सगळं सामान चिखलात उतरवा, स्टेपनी काढा. जॅक चढवण्याआधी नट सैल करून घ्या. (हे मात्र खरंच असंच करायचं असतं. चाक उचलल्यावर जोर लावला तर नटाऐवजी चाकच फिरतं.) चार नट सुटतात. पाचव्यावर पाना बसतच नाही. मदतीला बोलावलेला पंक्चरवाला उकिडवा बसतो, मोबाइलचा टॉर्च मारतो, खाचांतला चिखल नखाने कोरून काढतो आणि वर न बघता म्हणतो, "चावी द्या, ताई."

मग तुम्ही स्टेपनीजवळच्या थर्माकोलच्या ट्रेमध्ये बघता. तिथे चावीच्या मापाचा खळगा असतो. खळगा शाबूत असतो.

रोडसाइड असिस्टन्सला फोन लावा. माणूस येतो, भिजत येतो बिचारा, स्टेपनी बदलूनही देतो. चावी असेल तर.

आता यातला खरा आनंदाचा भाग. वर्कशॉपला फोन.

"मॅडम, आम्ही चावी गाडीतच ठेवतो. प्रोसेसच आहे तशी."

नाहीये हो गाडीत.

"ग्लोव्ह बॉक्स बघितला? सीटखाली?"

बघितलं.

"मग मिस्टरांना विचारा ना एकदा. त्यांनी काढून ठेवली असेल."

इथे शांत राहायचं, असं मी लिहिणार होते. गाडी माझ्या नावावर. हप्ता माझ्या पगारातून. सर्व्हिसिंगला सोडायला मी गेले, आणायला मी गेले, त्या जॉब कार्डावर सही माझी, आणि पार्किंगपर्यंत येऊन "मॅडम, रोटेशन करून टाकलंय" हे सांगणारा हाच मनुष्य. माझ्या मिस्टरांना स्टेपनी डिकीत असते एवढंच माहीत आहे आणि त्याहून जास्त जाणून घ्यायची त्यांची इच्छाही नाही. पण नट म्हटला की घरात एक पुरुष हवा, आणि चावी हरवली तर ती त्यानेच हरवलेली असावी. म्हणजे ज्यांनी वापरली ते सोडून जगातला कुठलाही माणूस चालेल! आणि सूर कसा, तर मी लहान मूल आहे आणि माझा डबा शाळेत राहिलाय.

पुढे ऐका. "टेन्शन नका घेऊ मॅडम, आमच्याकडे मास्टर सेट आहे, सगळ्या नक्षींच्या चाव्यांचा. गाडी घेऊन या, काढून देतो." फाटलेल्या टायरवर गाडी घेऊन कशी येऊ? "टो करून आणा." टोचे पैसे? "ते कस्टमरकडे असतात." चावी त्यांनी हरवायची, टोचं भाडं मी भरायचं, आणि मास्टर सेट आहे म्हणून उपकारही त्यांचेच मानायचे. वर दुसऱ्या दिवशी सकाळी फीडबॅकचा फोन: एक ते दहामध्ये किती गुण द्याल, मॅडम, दहाच द्या, नाहीतर आमचं इन्सेंटिव्ह कापतात.

नवी चावी मागवायचा मार्ग आहेच. कोड सांगितला की त्याच नक्षीची दुसरी चावी मिळते. कोड कुठे असतो? चावीवर कोरलेला. नाहीतर नटांच्या पुडक्यात आलेल्या बोटभर कार्डावर, जे तुम्ही पुडक्यासकट फेकलंत.

ज्यांना धीर नाही त्यांनी ठोकाठोकीकडे वळावं. नटापेक्षा किंचित लहान मापाची बारा कोनी गोटी घनाने त्यावर ठोकून बसवायची आणि लांब टॉमीने (दांड्याने) फिरवायची. साध्या लॉक नटावर हे चालतं. पण महागातल्या नटाला बाहेरून एक मोकळं फिरणारं कडं असतं. गोटी त्या कड्याला घट्ट पकडते, कडं गरागरा फिरतं आणि नट मांडवात रुसून बसलेल्या जावयासारखा जागचा हलत नाही. आतल्या बाजूने उलटे, तिरके दात असलेली गोटीही मिळते. जितकी फिरवाल तितकी ती चावत जाते. कुणालाही ऑनलाइन घेता येते. म्हणजे चोराकडे ती असणार, तुमच्याकडे नसणार. हे लॉक नेमकं कुणाला अडवायला लावलंय, विचारू नका.

ड्रिल मारायचं मनात आणू नका. नट कडक पोलादाचा असतो, बिटं जळतात, नट हसतो.

आमच्या जिल्ह्यात, ओझरच्या एचएएलमध्ये, मिग बांधले, सुखोई बांधतात. एक नट काढायला मात्र मला नाशिकच्याच अंबडमधल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे टोच्या ट्रकवर गाडी चढवून न्यावी लागली. मिस्टरांची चौकशी न करणारा या सगळ्या प्रकरणातला हा पहिला माणूस. त्याने आधी बॅटरीची तार काढायला लावली. टायरवर आणि अलॉयवर ओलं गोणपाट लपेटलं. लॉक नटाच्या तोंडावर एक जुना षटकोनी नट धरला आणि आतून वेल्ड मारला. लाल रंग उतरून काळा होईपर्यंत बिडी ओढली. मग पान्यावर पाइप चढवला आणि अंगाचा भार टाकला. कट्ट. हातात आलेला नट उलटा करून त्याने मला दाखवला. "ताई, हा हाताने आवळलेला नाही. गन मारलीय यावर."

साध्या कारच्या नटाला शंभर-एकशेवीस न्यूटन-मीटरच्या आसपास आवळणं पुरतं. त्यासाठी नेमका जोर मोजून आवळणारा टॉर्क पाना असतो आणि वर्कशॉपच्या भिंतीवर तो टांगलेलाही असतो, बहुधा शोभेसाठी. गन, म्हणजे नट झटक्यात आवळायचं वर्कशॉपमधलं यंत्र, त्याच्या कितीतरी पट जोर मारते. चावीच्या नक्षीचे कंगोरे त्या जोराने तुटतात, नटाच्या खाचा बुजतात, आणि मग चावी असूनही नसल्यासारखीच.

एक चाक सुटलं, तीन उरलेत. त्यांचेही नट काढून साधे बसवायला निघालात, तर दुकानदार "सगळ्यांना चालतो" म्हणून एक पुडा पुढे करेल. घ्या, घ्या. मारुतीच्या बहुतेक गाड्यांना १२ बाय १.२५ मिलिमीटरचे आटे, टोयोटा-होंडा-ह्युंदाईला १२ बाय १.५ चे. चुकीचा नटही दोन फेरे लाडाने बसतो आणि मग स्टडचे, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या खिळीचे, आटे खाऊन टाकतो. शिवाय अलॉयमधली बैठक निमुळती आहे की गोल, हे बघायचं असतं. बैठक जुळली नाही तर नट घट्ट वाटतो आणि धावता धावता सैल होतो. घाटात सैल होतो! हे मला त्या फॅब्रिकेशनवाल्याने सांगितलं. ज्यांनी सांगायला हवं त्यांना दहापैकी दहा हवे होते.

पुरे झाली थट्टा. वर्कशॉपवाल्यांनो, दुसऱ्याची वस्तू वापरून झाली की जागेवर ठेवायला ट्रेनिंग लागतं का तुम्हाला? छापता ना एवढं लांबलचक जॉब कार्ड, मग त्यात एक रकाना वाढवा. हरवली तर हरवली म्हणा, तुमच्या खर्चाने नवी मागवा, टोचे पैसे द्या. आणि बाईचा फोन आला की मिस्टरांच्या आड लपू नका. लाज वाटली पाहिजे.

आणि तुम्ही, हसताय काय? खाली पार्किंगमध्ये जा. चावी आहे का बघा, तिचा फोटो काढा, कोड दोन ठिकाणी लिहून ठेवा. लॉक नटाला गन लावू देऊ नका, हाताने काढ म्हणावं, नाक मुरडलं तर मुरडू दे. आणि पुढच्या सर्व्हिसिंगला चावी हातात पडेपर्यंत गेट पासवर सही करू नका. मागच्या गाड्यांनी हॉर्न मारले तर मारू देत.