तसे तुमच्यावर आहे

डॉक्टरांनी दोन मिनिटांत तपासले, हात धुतले आणि खुर्चीत बसता बसता ते म्हणाले, “सुंता केलीत तर चांगलेच आहे, नाही केलीत तरी फारसे बिघडणार नाही. तसे तुमच्यावर आहे.” माझ्या बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात माझ्यावर कोणीही काहीही सोपवलेले नाही. भिंतींचा रंग, चष्म्याची फ्रेम, इतकेच काय, माझे केस कितपत बारीक कापायचे हेसुद्धा इतरांनीच ठरवलेले आहे. केस चुकीचे कापले गेले तर निदान महिन्याभरात पुन्हा वाढतात. इथे ती सोय नव्हती, आणि नेमका हाच एक निर्णय माझ्या पदरात टाकून डॉक्टरांनी पुढच्या रुग्णासाठी घंटा वाजवली.

माझी तक्रार चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती आणि गप्प बसण्यासारखीही नव्हती. पुढची कातडी, जिला वैद्यकीय पुस्तकात अग्रत्वचा असे भारदस्त नाव आहे, ती अलीकडे घट्ट झाली होती. मागे सरत असे, पण जुन्या कपाटाच्या खणासारखी, कुरकुर करत. शिवाय वर्षातून दोन-तीनदा लाली आणि जळजळ होई. प्रौढ वयात असे वारंवार होऊ लागले तर त्यामागे मधुमेह असू शकतो, म्हणून डॉक्टरांनी आधी रक्त तपासून घेतले. तक्रार कुठली आणि सुई कुठे, असा विचार करत मी दंड पुढे केला. साखर नेमस्त निघाली. पांढरट, चिवट डाग दिसले असते किंवा लघवी अडली असती तर निर्णय डॉक्टरांनीच घेतला असता. पण माझा आजारही माझ्यासारखाच, कोणतीही ठाम भूमिका न घेणारा निघाला. “मात्र मागे घेतलीत की पुन्हा पुढे आणायला विसरू नका,” असे त्यांनी बजावले, कारण ती मागेच अडकून सूज आली तर धावतपळत दवाखाना गाठावा लागतो. गॅस, नळ आणि दिवा या माझ्या विसरण्याच्या यादीत अशा रीतीने एका गोष्टीची भर पडली.

फ्रिज घेताना मी अकरा जणांचा सल्ला घेतला होता. इथे विचारायचे कोणाला? अखेर एका जुन्या मित्राला फोन करून मी म्हणालो, “माझ्या एका ओळखीच्या माणसाला ही शस्त्रक्रिया सुचवली आहे.” पलीकडे जरा शांतता झाली. मग अत्यंत गंभीर आवाजात उत्तर आले, “माझ्या एका ओळखीच्याने गेल्या वर्षी करून घेतली.” पुढची चाळीस मिनिटे ही दोन ओळखीची माणसे आमच्यामार्फत एकमेकांशी मनमोकळेपणाने बोलली. त्याच्या ओळखीच्याला केवळ त्या भागापुरती भूल दिली होती, तासाभराच्या आत सगळे आटोपले आणि तो त्याच दिवशी घरी आला. टाके आपोआप विरघळणारे होते. दोन-तीन आठवड्यांत तेही गळून पडले. “दुखले का?” असे माझ्या ओळखीच्याने विचारले. “शस्त्रक्रिया नाही दुखली रे,” तो म्हणाला, “पण पहाटे झोपेत शरीर आपल्याला न विचारता जे काही करते ना, त्या वेळी प्रत्येक टाका वेगवेगळा मोजता येतो.” पहिला आठवडा कपड्याचा नुसता स्पर्शही नकोसा होता आणि सुमारे सहा आठवडे ब्रह्मचर्य पाळावे लागले, हेही कळले. शेवटी त्याने जाता जाता सांगितले, “तुझ्या ओळखीच्याला म्हणावे, सैल लुंगी आणून ठेव.”

आता माझ्यातला अभ्यासू माणूस जागा झाला. इजिप्तमधल्या सक्कारा इथे अंखमाहोर नावाच्या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या थडग्यात चार हजार वर्षांहून जुने कोरीव चित्र आहे. त्यात सुंता चालू आहे, मागे एकाने त्या तरुणाचे हात पकडले आहेत आणि शेजारी ‘त्याला घट्ट धर, बेशुद्ध पडू देऊ नकोस’ अशा अर्थाचा मजकूर आहे. इतका स्पष्टपणा आजच्या कोणत्याही संमतिपत्रात मला आढळला नाही. हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की इजिप्शियन लोक स्वच्छतेसाठी सुंता करतात, कारण देखणेपणापेक्षा त्यांना स्वच्छता महत्त्वाची वाटते. बायबलमधल्या अब्राहामाने वयाच्या ९९व्या वर्षी करून घेतली, त्यामुळे ‘आता या वयात कशाला’ ही माझी लाडकी सबब बाद झाली. उलट १८७० मध्ये लुइस सेयर या अमेरिकन डॉक्टरने एका लहान मुलाच्या पायांच्या अधूपणावर हाच उपाय केला आणि त्यानंतर कित्येक वर्षे नाना व्याधींवर तो सुचवला जाऊ लागला, हे वाचून पुन्हा पाय मागे आला. मग आफ्रिकेतल्या तीन मोठ्या चाचण्या सापडल्या: स्त्रीकडून पुरुषाला एचआयव्हीची लागण होण्याचे प्रमाण सुंतेनंतर सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाले, म्हणून २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने लागण जास्त असलेल्या प्रदेशांसाठी तिची शिफारस केली, अर्थात निरोध वापरायचा तो वापरायचाच. आकडा जबरदस्त होता, पण सोळा वर्षांच्या एकनिष्ठ संसारात हा धोका मी नेमका कुठून कमी करणार होतो?

दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी पद्धती समजावल्या. त्यांत ‘स्टेपलर’ हा शब्द आला आणि पुढचे मला काहीच ऐकू आले नाही. एकाच झटक्यात कापणारे आणि पिना मारून जोडणारे ते उत्तम उपकरण असेलही, पण माझ्या टेबलावरचा स्टेपलर पाचांतून दोन वेळा वाकडी पिन मारतो आणि मग ती नखाने उपसावी लागते. घाम पुसत मी विचारले, “दुसरे काहीच नाही का?” “आहे की,” ते शांतपणे म्हणाले, “स्टेरॉइडचे मलम. दिवसातून दोनदा, सहा आठवडे, आणि हळूहळू ताण देत राहायचे. अनेकांना त्यानेच बरे वाटते.” हे पहिल्याच भेटीत का सांगितले नाही, असे विचारण्याइतका मी धीट असतो तर एवढा लेख झाला नसता.

घरी बायकोने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे त्रास अधूनमधून आणि कातडी मात्र कायमची जाणार, असे आहे का?” पंधरा दिवसांच्या माझ्या अभ्यासाचे इतके नेमके टिपण मला जमले नव्हते. तरीही संमतिपत्राचा नमुना मी घरी आणला होताच. नाव लिहिले, वय लिहिले, ‘शस्त्रक्रियेचे कारण’ या ओळीशी येऊन थांबलो, ‘कुरकुर’ असे लिहिले आणि खोडले.

सहा आठवडे मलम लावले. कपाटाचा खण आता पूर्वीसारखा नाही, पण बऱ्यापैकी सरकतो. डॉक्टरांनी तपासले, हात धुतले आणि कागदावर ‘पुढील भेट’ असे लिहून ते क्षणभर थांबले. आता तारीख पडणार, म्हणून मी खिशातली डायरी काढली. त्यांनी लिहिले, ‘गरज वाटल्यास’.

“कोणाला?” मी विचारले.

त्यांनी घंटा वाजवली.