गोष्टीच्या खेळांना नियम नसतात, हे कुणी सांगितलं?

नाशिकमधल्या गेमिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. त्याचा मतितार्थ असा: नवा ग्रुप जमवताय तर डी अँड डीनेच (म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या रोलप्लेइंग खेळानेच) सुरुवात करा, तोच पाया. गोष्टीवर भर देणारे सोपे खेळ म्हणजे नियमांचं पुस्तक वाचायचा कंटाळा असणाऱ्यांची पळवाट. त्यांत सगळं जीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरच्या, मर्जीवर चालतं, दोन रविवारांत खेळ आटोपतो आणि वर नाटकात काम करण्याची हौस आणि फाडफाड इंग्रजी लागतं ते वेगळंच. खाली अंगठ्यांची रांग. यातला एक मुद्दा अर्धा बरोबर आहे, त्याकडे येईनच.

टेबलटॉप रोलप्लेइंग ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी एवढंच: चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, एक जण जीएम होऊन बाकीचं जग सांभाळतो, आणि पुढे काय होईल हे कुणालाच सांगता येत नाही तिथे फासे पडतात.

आधी मर्जीचं बघू. डी अँड डीत वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या पात्राचं कौशल्य मिळवायचं आणि ठरलेला आकडा गाठायचा. भिंत चढणं, कुलूप उघडणं अशा कामांसाठी तो आकडा ठरवतं कोण? डीएम, म्हणजे डी अँड डीतला जीएम. पुस्तकात मार्गदर्शन आहे: 10 म्हणजे सोपं, 15 म्हणजे मध्यम, 20 म्हणजे अवघड. पण समोरची भिंत 12ची की 18ची, हे डीएमच्या मनात.

आता विन्सेंट आणि मेग्वे बेकर यांचा 2010 सालचा ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ घ्या. ‘गोष्टीवाले’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या कितीतरी खेळांचा हा मूळपुरुष. साधे दोन फासे टाकायचे, पात्राचा गुण मिळवायचा. 10 किंवा जास्त आले तर काम फत्ते. 7 ते 9 आले तर काम होतं, पण काहीतरी मोजावं लागतं. 6 किंवा कमी आले की जीएमची पाळी. हे आकडे हलत नाहीत, मग भिंत गंगापूर धरणाची असो की सिडकोतल्या रो-हाउसची. जीएम स्वतः फासे टाकत नाही, आणि त्याची पाळी आल्यावर त्याने काय काय करावं याची यादी पुस्तकात छापलेली आहे. मर्जी कुठे जास्त चालते, तुम्हीच ठरवा.

गणितही बघा. गुण शून्य असेल तर पूर्ण यशाच्या शक्यता 36 पैकी 6, ‘हो, पण’च्या 15 आणि फसण्याच्या 15. गुण +1 झाला की त्याच 10, 16 आणि 10 होतात. म्हणजे मधला निकाल सतत येत राहतो, आणि खेळाची सगळी गंमत त्या मधल्या निकालात आहे. समजा, तुमचं पात्र जुन्या नाशकातल्या एका वाड्यात रात्री शिरतंय, वाटणीचे कागद पळवायला. फासे पडले 8. कागद हाती लागतात, ते जीएमला नाकारता येत नाही. पण परसात बसलेल्या म्हातारीने तुमचा चेहरा पाहिलाय, आणि ती तुमच्या आईला ओळखते. किंमत कोणती हे जीएमने सुचवलं, कबूल. पण किंमत लागणारच आणि कामही होणारच, हे नियमाने ठरवलं. पुढचा तासभर त्या म्हातारीचाच. नुसतं ‘चढलास’ किंवा ‘पडलास’ यातून हे निघालं असतं?

पायाबद्दल. डी अँड डी 1974 साली आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा. त्याची मुळं छोट्या सैनिकांच्या युद्धखेळांत आहेत. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचा ‘चेनमेल’ 1971चा. घराण्याचा तो वारसा आजही दिसतो: पात्रांच्या बहुतेक शक्ती आणि मंत्र लढाईत कामी येणारे आहेत. यात वाईट काहीच नाही. डावपेचांची लढाई आवडणाऱ्या ग्रुपने डी अँड डीच खेळावा, मूळ नियम फुकट वाचायला मिळतात. पण त्याच्या पाचव्या आवृत्तीत लढाईची एक फेरी म्हणजे कथेतले सहा सेकंद. पाच फेऱ्यांची झटापट ही कथेत तीस सेकंदांची मारामारी, आणि नवख्या टेबलावर ती तास सहज खाते. ज्यांना रविवारी तीन तासच मिळतात आणि ज्यांना भाऊबंदकी, चोरी, भुतं, प्रेमप्रकरणं खेळायची आहेत, त्यांना हा पाया कशाचा?

पळवाट म्हणणाऱ्यांनी रॉबिन लॉझ यांची ‘गमशू’ पद्धत वाचावी, 2007पासून आहे. रहस्यकथेच्या खेळात फासा हुकला म्हणून महत्त्वाचा पुरावाच सापडला नाही, तर कथा जागीच बसते. डी अँड डीत रहस्य खेळवलेल्या कुणालाही हे दुखणं विचारा. लॉझ यांनी सरळ नियम केला: योग्य कौशल्याचं पात्र योग्य ठिकाणी शोधत असेल तर मुख्य पुरावा मिळतोच, फासे नाहीत. खेळ रंगतो तो पुराव्याचा अर्थ लावण्यात. नियम कमी केला की कथा कुठे अडते याचा विचार आधी केला?

दोन रविवारांत संपतात म्हणे. काही संपतात, कारण ते तसेच रचलेले आहेत: जेसन मॉर्निंगस्टार यांचा ‘फियास्को’ (2009) एका संध्याकाळचा, जॉन हार्पर यांचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ एका पानाचा. पण याच हार्पर यांचा ‘ब्लेड्स इन द डार्क’ (2017) महिनोन्महिने चालतो. त्यातलं हत्यार म्हणजे घड्याळ: कागदावर वर्तुळ काढायचं, त्याचे 4, 6 किंवा 8 भाग करायचे, आणि संकट जवळ येईल तसतसे भाग रंगवत जायचे. वर्तुळ भरलं की संकट दारात.

नाशिककराला हे समजवावं लागत नाही. गोदेला पूर आला की आपण काय विचारतो? पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठपर्यंत आलं? गुडघे, कंबर, छाती, गळा. आमच्या टेबलावर आम्ही वर्तुळ काढत नाही, कागदावर मारुतीच काढतो आणि निळ्या पेनाने पाणी चढवतो. कथा रामकुंडालगतच्या एका कुटुंबाची: दुकान हलवायचं की नाही यावरून दोन भाऊ भांडताहेत, धाकट्याने कर्ज लपवलंय. कुणाचे फासे फसले की जीएम शांतपणे म्हणतो, ‘धरणातून विसर्ग वाढवलाय’. लगेच सगळ्यांचं लक्ष कागदाकडे. शेजारी दुसरं चित्र, त्यात सावकाराचा संशय चढतोय. तिसऱ्यात आईची तब्येत उतरतेय. एक भरलं की त्यातून नवं सुरू होतं. लांब कॅम्पेनला, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या कथेला, पात्राची लेव्हल (ताकदीची पायरी) वाढावीच लागते असं कुठाय? अर्थात ‘ब्लेड्स’मध्ये पात्रांची टोळीही वाढते, इलाका काबीज करते, शत्रू जमवते, आकडेप्रेमींचीही सोय आहे.

अभिनयाचं थोडक्यात. ‘माझी रखमा दार ठोठावते आणि खोटं बोलते’ एवढं म्हटलं तरी खेळ पुढे जातो. आवाज बदलायची सक्ती कुठल्याच नियमात नाही. आणि ऐनवेळी बोलणं आपल्याकडे परकं नाही. दशावतारात कथानक ठरलेलं असतं, संवाद मंचावर तिथल्या तिथे होतात.

इंग्रजीचा मुद्दा तर उलटाच पडतो. तीनशे पानांचं पुस्तक पाच जणांनी इंग्रजीत वाचायचं, की एक पान एकाने वाचून बाकीच्यांना मराठीत सांगायचं? ‘फेट अ‍ॅक्सिलरेटेड’ (2013) साधारण पन्नास पानांचा आहे. पात्राच्या कागदावर सहा रीती: काळजीपूर्वक, चतुराईने, दिमाखात, जोरात, झटपट, गुपचूप. एकीला +3, दोघींना +2, दोघींना +1, उरलेलीला शून्य. पात्र जवळजवळ तयार. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे, त्यामुळे मूळ कर्त्यांना श्रेय देऊन मराठीत उतरवून वाटायलाही हरकत नाही. न्यायाने सांगायचं तर डी अँड डीचे पायाभूत नियमही 2023पासून तशाच परवान्यात आहेत. फक्त ते उतरवायला बसणाऱ्याला माझा आधीच नमस्कार.

आता तो अर्धा बरोबर मुद्दा. मजकुरात ‘मर्जी’ म्हटलंय, खरी अडचण आहे बडबड्याची. डी अँड डीच्या लढाईत प्रत्येकाची पाळी येते, त्यामुळे बुजरा माणूस सुटत नाही. मोकळ्या गोष्टीत मोठ्या आवाजाचा दोस्त अख्खी संध्याकाळ गिळतो, आणि कोपऱ्यातली वहिनी चहा घेऊन घरी जाते. हे होतं, आणि जीएम नवखा असेल तर जास्त होतं. म्हणून असा ग्रुप असेल तर मी ‘फियास्को’ सुचवेन. त्यात जीएमच नाही. प्रत्येकाची पाळी येते, आणि आपल्या पाळीला दोनच पर्याय: प्रसंग मी मांडणार, नाहीतर तो चांगला संपला की वाईट हे मी ठरवणार. ज्याला बोलायचा संकोच वाटतो तो दुसरा पर्याय घेतो, आणि बडबड्याचा बेत उधळण्याचा हक्क त्याला नियमानेच मिळतो. पहिल्याच बैठकीला हे घडतं तेव्हा बडबड्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

फासे महाग पडतात असंही त्या मजकुराच्या शेपटाला लिहिलंय. डी अँड डीला 4 ते 20 बाजूंचे वेगवेगळे लागतात, ते खरंच बाहेरून मागवावे लागतात. ‘फेट’चे फासे अधिक, उणे आणि कोऱ्या बाजूंचे असतात, पण लुडोचे चार घेतले तरी चालतं: 1-2 म्हणजे उणे, 3-4 कोरं, 5-6 अधिक. रविवार कारंजाला खेळण्यांच्या दुकानात चौकशी करा.