ब्राऊन अंडं म्हणजे गावरान नव्हे

पाळीव जनावरांच्या हालांवरच्या लेखात व्हेगन व्हा, म्हणजे मांस, अंडी, दूध सगळंच सोडा, हा एकच उपाय सांगितलाय, तो काही पटला नाही. आमच्याकडे रविवारी मटण नसलं तर सुतक पडल्यासारखं वाटतं, उगाच आव कशाला आणू. पण अंड्यांच्या पोल्ट्रीबद्दल लिहिलंय ते शंभर टक्के खरंय, मामाच्या गावाजवळ शेड आहे तिथे बघितलंय, पिंजऱ्यात एका कोंबडीला साधारण ४५० चौरस सेंटीमीटर जागा म्हणजे ए४ कागदापेक्षाही कमी, पंख पसरायचे कुठे, मानेची पिसं तारेला घासून गेलेली, चोचीची टोकं कापलेली आणि अमोनियाने डोळे चुरचुरतात ते वेगळंच. युरोपियन युनियनने असले पिंजरे २०१२ पासून बंद केले, आपल्याकडे बिनधास्त चालू.

आणि शाकाहारी मंडळींनी लगेच खूष होऊ नये, दुधासाठी पाळलेल्या जर्सीच्या गोऱ्ह्याचं पुढे काय होतं तेही विचारा एकदा, महाराष्ट्रात २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर कत्तलीसाठी विकता येत नाही म्हणून कित्येक जण मोकाट सोडून देतात.

मी ब्रॉयलर बंद केलंय, अंडी ओळखीच्या एका काकूंकडून घेतो, त्यांच्या कोंबड्या परसात उकिरडा उकरत फिरतात. महाग पडतात, म्हणून आपोआप कमी खाल्ली जातात. फक्त दुकानातली ब्राऊन अंडी गावरान समजून डबल पैसे देऊ नका, रंग कोंबडीच्या जातीवर असतो, ती पण पिंजऱ्यातलीच असू शकते.