प्रकाशाचा सेन्सर दाब मोजतो, डिझेल वाचवत नाही

हर्णैपासून मालवणपर्यंत बोटवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इंजिनाच्या हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, भोक पाडून फायबर ऑप्टिक सेन्सर बसवा, प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोबाईलवर दिसेल आणि डिझेल 30 टक्के वाचेल. सेन्सर प्रकाशावर चालतो, म्हणून खारी हवा त्याला बाधत नाही. कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा ठरावीक मापाशी ताडून जुळवणं, लागत नाही. परदेशात तर सगळ्या डिझेल गाड्यांत तो असतोच. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी वर ओढलेल्या असतात, इंजिनं उघडलेली असतात आणि नाखवा खर्चाचा हिशेब मांडत असतो. अशा वेळी हा मेसेज वाचून कुणी खरोखर हेडला ड्रिल लावेल, ही मला काळजी आहे.

आधी यात खरं काय ते सांगतो. असा सेन्सर अस्तित्वात आहे आणि तो चांगला आहे. त्याच्या टोकाला धातूचा पातळ पडदा असतो. एलईडीचा प्रकाश काचेच्या तंतूतून पडद्यावर जातो, तिथून परावर्तित होऊन परत येतो. ज्वलनाच्या दाबाने पडदा किंचित वाकतो, तसा परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो आणि त्यावरून दाब कळतो. इलेक्ट्रॉनिक्स इंजिनाच्या उष्णतेपासून लांब ठेवता येतं. टोकाशी वीजच नसल्यामुळे अल्टरनेटर किंवा वायरलेस सेटचा गोंधळ मापनात शिरत नाही. प्रयोगशाळेत जास्त वापरतात ते क्वार्ट्‌झसारख्या स्फटिकाचे सेन्सर. दाबामुळे त्यांत तयार होणारा विद्युतभार इतका सूक्ष्म असतो की कनेक्टरवर खारट दमटपणा बसला तरी तो गळतो आणि आकडा सरकत जातो. समुद्रावर प्रकाशाचा सेन्सर इथे नक्कीच उजवा. अमेरिकेत मिशिगनमधली ऑप्ट्रँड ही कंपनी हेच सेन्सर बनवते. मोठ्या गॅस इंजिनांत ठोका (इंधन अवेळी पेटणं) किंवा मिसफायर (इंधन न पेटणं) पकडायला अशा सेन्सरचा चांगला उपयोग होतो.

म्हणून खाऱ्या हवेचा मुद्दा अर्धा खरा आहे. काच गंजत नाही, पण कनेक्टर, इलेक्ट्रॉनिक्सची पेटी आणि बॅटरीकडून येणारी वायर गंजते. शिवाय प्रकाशाच्या तीव्रतेवर चालणाऱ्या सेन्सरची स्वतःची दुखणी आहेत. तंतू कुठे दाबला गेला, जोडावर तेलाचा थर बसला, एलईडी जुना झाला, तर परत येणारा प्रकाश बदलतो आणि दाब बदलला नसतानाही बदलल्यासारखा दिसतो. चांगले उत्पादक यासाठी दुरुस्तीची सोय ठेवतात, पण ती सोय आणि वेळोवेळी केलेली तपासणी मिळूनच आकडा विश्वासाचा होतो. पडद्यावर काजळी बसते. प्रत्येक स्फोटाच्या ज्वाळेने तो क्षणभर तापून वाकतो, त्याचीही चूक आकड्यात येते. कॅलिब्रेशन लागत नाही हे सपशेल खोटं आहे.

परदेशातल्या गाड्यांबद्दलचं म्हणणंही असंच. फोक्सवॅगनने 2008च्या सुमारास अमेरिकेतल्या डिझेल जेटामध्ये दाब मोजणारे ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) दिले होते, पण ते विजेवर चालणारे होते, प्रकाशावर नव्हे. आणि सगळ्या गाड्यांत असा सेन्सर असतो हे तर मुळीच खरं नाही.

आता 30 टक्क्यांकडे येतो, कारण माणूस भुलतो तो याच आकड्याला. सेन्सर बसवल्याने इंजिनात जाणारं डिझेल एक थेंबही कमी होत नाही. जेटासारख्या गाडीत दाबाचा आकडा कॉम्प्युटरकडे जातो आणि तो पुढच्याच फेऱ्यांत इंधनाची वेळ आणि मात्रा बदलतो. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉलरांवर यांत्रिक फ्यूएल पंप आहे. सेन्सरचं ऐकायला तिथे कुणी नाही. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी दिसला तर शेवटी मेकॅनिकलाच नोझल (डिझेल फवारणारं तोंड) काढून तपासावा लागतो. आणि तो सिलिंडर कोणता हे आपले मेकॅनिक आजही ओळखतात: इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टर पाईपचा नट ढिला करायचा, ज्याच्या वेळी इंजिनाचा आवाज बदलत नाही तो सिलिंडर काम करत नाही. शंका उरली तर कॉम्प्रेशन गेज आहे.

डिझेल खरोखर कशात जातं ते बघा. बोट ढकलणाऱ्या पंख्याला (प्रोपेलरला) लागणारी ताकद साधारण फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. बंदरातून मासेमारीच्या जागेपर्यंत जाता-येताना आरपीएम (मिनिटाच्या फेऱ्या) 10 टक्क्यांनी उतरवला तर लागणारी ताकद सुमारे 27 टक्क्यांनी घटते. वेळ जास्त लागतो, तो धरूनही प्रत्येक मैलामागे जवळपास 19 टक्के बचत होते. जाळं ओढताना हे गणित लागू नाही, पण ये-जा करताना नक्की आहे. त्याच्या जोडीला बुडाला धरलेले शिंपले-शेवाळ खरवडणं, पंख्याची वाकलेली पाती सरळ करणं आणि नोझल तपासून घेणं. ही कामं बोट वर असतानाच होतात आणि पैसे याच कामांवर जायला हवेत.

आणि हेडला भोक? मोठ्या जहाजांच्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला इंडिकेटर कॉक, म्हणजे दाब मोजायची तोटी, मुळातच असतो, दाब तिथूनच घेतात. आपल्या बोटींवरच्या लहान, वेगवान इंजिनांत तशी सोय सहसा नसते. हेडच्या आत व्हॉल्व्ह, नोझल आणि गार पाण्याच्या वाटा इतक्या दाटीने असतात की ड्रिल पाण्याच्या वाटेत घुसायची शक्यता मोठी. मग सिलिंडरमध्ये पाणी उतरतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकते. ते भर समुद्रात झालं तर आठ-दहा माणसं वाऱ्याच्या हवाली. माझा सगळ्यात जास्त विरोध या सल्ल्याला आहे. कंपनीचं ड्रॉइंग हातात नसताना कुणीही हेडला ड्रिल लावू नये.

समजा, सगळं नीट बसलं. तरी मोबाईलवर दिसणारा नुसता सर्वोच्च दाब अपुरा आहे. जुन्या, टर्बो नसलेल्या डिझेल इंजिनात तो 60 ते 100 बारच्या (1 बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका) घरात असतो, पण दाब चढला तेव्हा पिस्टन नेमका कुठे होता, हे कळल्याशिवाय सिलिंडरने किती काम केलं ते निघत नाही. त्यासाठी क्रँकचा, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचा, कोन मोजावा लागतो. पिस्टनच्या सर्वात वरच्या जागेची नोंद एका अंशाने चुकली, तरी कामाच्या हिशेबात 10 टक्क्यांच्या आसपास चूक येऊ शकते. मेसेजमध्ये क्रँकच्या कोनाचा उल्लेखच नाही.

तरीही कुणाला हा सेन्सर घ्यायचा असेल, तर विकणाऱ्याला विचारा: माझ्या मॉडेलच्या हेडमध्ये तो कुठे बसतो याचं ड्रॉइंग आहे का, क्रँकचा कोन कशाने मोजणार, कॅलिब्रेशन कोण आणि किती दिवसांनी करणार, आणि हेड फुटलं तर भरपाई कोण देणार. उत्तरं लेखी घ्या, आणि इंजिनाच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा.