मानसशास्त्र शिकणाऱ्यांनी 'आपली शिकण्याची शैली' शोधत बसू नये

परीक्षा जवळ आली की बी.ए. मानसशास्त्राच्या मुलांमध्ये एक मेसेज फिरायला लागतो. वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के लक्षात राहतं. म्हणून आपण 'दृश्य', 'श्राव्य' की 'कृतिशील' ते ओळखा, त्याच पद्धतीने शिका आणि नोट्स रंगवून पुन्हा पुन्हा वाचा. ज्या शास्त्राचा पेपर द्यायचा, त्याच शास्त्राने हे दावे केव्हाच तपासले आहेत. म्हणूनच हा सल्ला या मुलांपर्यंत जातो याचं जास्त वाईट वाटतं.

टक्केवारीचा मुद्दा लवकर मिटतो. हे आकडे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांच्या 'अनुभवाच्या शंकू'च्या, म्हणजे शिकण्याचे अनुभव प्रत्यक्षापासून अमूर्तापर्यंत मांडणाऱ्या आकृतीच्या, नावावर सांगितले जातात. डेल यांनी १९४६ साली मांडलेल्या शंकूत एकही आकडा नव्हता.

शैलीचं म्हणाल तर आवडीनिवडी असतातच. पण आवडीच्या पद्धतीने शिकवलं की जास्त शिकलं जातं का? मानसशास्त्रज्ञ हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये या विषयावरचं संशोधन तपासलं, तेव्हा या दाव्याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. मेंदूचे भाग शिकायचे तर आकृती सगळ्यांनाच लागते.

खरं नुकसान करतो तो पुनर्वाचनाचा सल्ला. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा चारही सत्रांत फक्त वाचला. काहींनी एकाच सत्रात वाचून पुढच्या तिन्ही सत्रांत तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला चांगलं आठवेल अशी खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती! ओळ ओळखीची वाटते, म्हणून ती येते असं वाटतं.

त्यामुळे पुस्तक मिटून लिहा. 'नकारात्मक प्रबलन' (त्रासदायक गोष्ट थांबल्यामुळे वर्तन वाढणं) आणि 'शिक्षा' यांत हमखास गोंधळ होतो. व्याख्या घोकून तो सुटत नाही. स्वतःचं उदाहरण काढा : सीटबेल्ट लावला की गाडीचा त्रासदायक आवाज थांबतो, म्हणून पुढच्या वेळी आपण तो लगेच लावतो. वर्तन वाढलं, म्हणजे हे प्रबलन. शिक्षेने ते कमी झालं असतं.

हे सगळं आदल्या रात्री मात्र करू नका. स्मरणाचा अभ्यास करणारे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५मध्येच स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं, की एका दिवसात ६८ वेळा घोकून जे साधतं, ते तीन दिवसांत वाटून ३८ वेळांत साधतं.