बाबाला येतं

मुलीच्या शाळेतून निरोप आला : उद्या परसबागेचं काम, प्रत्येक गटाने दांडा बसवलेली कुदळ आणावी. सहावी ते आठवीच्या दरम्यान 10 दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्याकडून काम शिकावं, असं 2020 च्या शैक्षणिक धोरणात आहे. त्यातला माळी ठाण्यात घोडबंदर रोडवर आमच्या 14 व्या मजल्यावर येऊन धडकला.

“बाबाला येतं,” बायको म्हणाली. “शाळेत टेक्निकल होतं ना त्याला.”

होतं. आठवीचं अख्खं वर्ष मी व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलाला बसवलेल्या शिकंजात, एक लोखंडी प्लेट आवळून कानस चालवली. काटकोन तपासायला गुण्या लावायचा, उजेडाकडे धरायचं, फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. कानस पुढे जातानाच कापते, मागे ओढताना नाही, हे कळेपर्यंत हाताला फोड आले होते. 50 मिलिमीटरची प्लेट 46 वर आली, उजेड होता तिथेच. सर म्हणाले, “थांब आता, अंगठी होईल तिची.”

जांभळी नाक्यावरून कुदळ आणि बाभळीचा दांडा आणला. “बसवून देऊ?” दुकानदाराने विचारलं. टेक्निकलवाला माणूस हो कसा म्हणेल?

हातोडीला बसवतात तसा दांडा खालून कुदळीच्या नेढ्यात, म्हणजे भोकात, घातला, वरून पाचर ठोकली आणि बुंधा फरशीवर आपटला. तिसऱ्या ठोक्याला बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे आजोबा.

“फर्निचरचं काम काढलंय का?”

“नाही, शेतीचं.”

आजोबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

मग सोसायटीच्या बागेत जाऊन एक घाव घातला. दांडा माझ्या हातात, कुदळ जास्वंदीत. वॉचमन काका मूळचे मुरबाडचे. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

“साहेब, उलटा घातलाय.”

दांड्याचं बारीक टोक वरून नेढ्यात ओवायचं, जाड टोक अडकेपर्यंत ओढायचं, मग तेच जाड टोक खाली करून जमिनीवर दोनदा आपटायचं. झालं. घाव घालावा तशी कुदळ जाड टोकाकडे सरकते आणि आणखी घट्ट बसते. पाचर लागतच नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, कुदळीचा माझ्या टेक्निकलला झाला.

दुसऱ्या दिवशी मुलगी उड्या मारत घरी आली. “बाबा, दांडा कोणी बसवला विचारलं सरांनी. शनिवारी वॉचमन काकांना शाळेत शिकवायला बोलावलंय!”

“छान.”

“काका म्हणाले, तेवढा वेळ गेटवर कोण बसणार? मी म्हटलं, बाबाला येतं.”